कर्नलचा उच्चार

अकोला, १८ ऑगस्ट २०२४

ती. साधना आत्याला भावनाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि चारचौघात ओरडायची मला लाज वाटते, म्हणून पत्र. शाळेतून निवृत्त झालीस तरी आमच्या घरच्या इंग्रजीच्या बाई तूच.

कापड दुकानातली नोकरी सोडली. बसस्टँडजवळ इंग्रजी बोलायचा एक क्लास आहे. फुकट शिकवतात आणि बोलता आलं की बँकॉकला कॉल सेंटरची नोकरी देतात. शेखर सर फार कडक आहेत, आत शिरताच फोन काढून घेतात. मी ‘वेडनेसडे’ म्हटलं तर सगळा वर्ग हसला. ‘रिसीप्ट’ला हसला, ‘कम्फर्टेबल’लाही हसला. आई म्हणते, लिवतात एक अन् बोलतात एक, अशी कशी भाषा वं. तू मला हे शब्द मराठी अक्षरांत लिहून पाठव.

आईचा जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी भावना

अमरावती, २६ ऑगस्ट

चि. भावनास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मीही हसले, पण वर्गासारखी नाही. ‘वेन्झडे’ म्हण, पहिला डी फक्त लिहायचा. ‘रिसीट’मधला पी लग्नात येऊन मुकाट्याने जेवून जाणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. ‘कम्फ्टबल’ आणि ‘व्हेज्टबल’. त्यात टेबल शोधू नकोस. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकव, डब्ल्यूला ओठांचा चंबू कर. आरशासमोर सराव कर. मला ऐकू येत नसलं तरी ओठ बघून मी अजून चुका पकडते, हे लक्षात ठेव.

एक विचारते. फुकट शिकवणारा हा माणूस कोणत्या कंपनीचा? तुमच्याआधी तिकडे कोणी गेलं असेल तर तिच्याशी बोलून घे. वहिनीला म्हणावं, गुडघ्याला रोज तेल लाव.

तुझ्यावर नेहमीच लोभ असणारी,
साधना आत्या

अकोला, ३० सप्टेंबर

ती. आत्याला सप्रेम जयभीम.

मला आता कोणी हसत नाही. सर तर सगळ्यांना मला ऐकायला सांगतात. कंपनीचं नाव विचारलं, तर म्हणाले व्हिसा आला की कळेल. पासपोर्ट त्यांच्याकडे दिला आहे.

आमच्याआधी बाळापूरची मोनाली गेली. पोरीचा फोन येत नाही म्हणून तिचे वडील किसनराव परवा क्लासवर आले होते. सरांनी त्यांना चहा पाजला, तिकडे नेटवर्क नसतं म्हणून सांगितलं. ते जिना उतरल्यावर सर आम्हाला म्हणाले, असे बाप असले की पोरी मागेच राहतात.

आता शब्द बदलले आहेत. ‘वॉरंट’, ‘सीझ’, ‘कस्टडी’, ‘कर्नल’. हा शेवटचा इंग्रजीत वाचताना माझ्या तोंडून लिहिल्यासारखा ‘कोलोनेल’च निघतो. सराव जोडीने असतो. एकीने अधिकारी व्हायचं, दुसरीने घाबरलेली म्हातारी. मी अधिकारी चांगली करते म्हणे. माझ्या जोडीची पोरगी काल खरंच रडायला लागली. मी थांबले, तर सर म्हणाले, थांबू नको, आवाज आणखी हळू कर. कॉल सेंटरमध्ये ग्राहकांशी असंच बोलावं लागतं का गं?

दीक्षाभूमीवरून आलो की निघायचं आहे. ‘कर्नल’चा इंग्रजी उच्चार तेवढा लवकर कळव.

तुझी भावना

अमरावती, ९ ऑक्टोबर

चि. भावनास आशीर्वाद.

कर्नलचा उच्चार मी सांगणार नाही. शेजाऱ्यांनी तुला फोन लावून पाहिला, बंद आहे. शेजारचे नत्थुजी संत्र्याची गाडी घेऊन अकोल्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

माझी मैत्रीण माणिकबाई, नर्स होती ती, परवापासून दार उघडत नव्हती. आज मी मागच्या दाराने गेले. समोर मोबाईल उभा करून ती हात जोडून बसली होती, उपाशी. मला खुणेने घालवत होती. फोनमध्ये गणवेशातला एक माणूस माझ्यावर ओरडत होता. मला अक्षरही ऐकू आलं नाही, म्हणून भीतीही वाटली नाही. फोन उचलला आणि बंद केला. पण ओठ वाचले होते. ‘वॉरंट’ म्हणत होता.

पाणी प्यायल्यावर ती बोलती झाली. कोणी कर्नलसाहेब म्हणे तिला घरातच अटक करून बसले होते. दार उघडलं तर तुरुंग, साठवलेलं सगळं आमच्या खात्यात टाक. त्याच्याआधी एक मुलगी बोलायची, अगदी स्वच्छ इंग्रजी. साहेब जरा उठून गेला तेव्हा तीच हळूच म्हणाली, “फोन ठेवून द्या ना माय. काहीच देऊ नका. मी आपल्याच इकडची आहो.” मग तिला कोणी मारल्याचा आवाज आला.

भावना, फोनवरची अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. तुम्हाला कशासाठी तयार करताहेत ते आता तूच बघ. पासपोर्ट गेला तर जाऊ दे, तो जिना चढू नकोस. किसनरावांना गाठ. मी उद्या येते, ठाण्यात बरोबर जाऊ.

साधना आत्या

अकोला, २१ ऑक्टोबर

ती. आत्याला जयभीम.

तू परत गेल्यावर पोलिसांनी क्लासचं कुलूप तोडलं. आत फक्त खुर्च्या होत्या. सरांचा फोन लागत नाही. आमच्यातल्या दोघी आधीच विमानाने गेल्या. त्यातली एक माझ्या जोडीची, रडलेली. तिचा आवाज माझ्या कानातून जात नाही.

आई रागावली नाही. “म्या तुले जाऊ देलं असतं,” एवढंच म्हणाली आणि चुलीपाशी बसून राहिली.

किसनरावांकडे मोनालीचा व्हिडिओ आहे, चुलत बहिणीच्या हळदीतला. तो घेऊन ते तुझ्याकडे येत आहेत. माणिक मावशींनी त्यातला तिचा आवाज एकदा ऐकावा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

मला अंतर देऊ नकोस.
भावना

अमरावती, ३ नोव्हेंबर

चि. भावनास आशीर्वाद.

किसनराव येऊन गेले. व्हिडिओ चालू झाला. मला ऐकू येत नव्हतं, मी माणिकबाईकडे बघत होते. तिने आधी डोळे मिटले, मग किसनरावांचा हात धरला. आवाज तोच, हेही पोलिसांना सांगितलं आहे, त्यांनी लिहून घेतलं.

मुलाने सांगूनही माणिकबाई नंबर बदलत नाही. प्रत्येक अनोळखी फोन उचलते. मी रागावले, तर म्हणाली, पोरीला हाच एक नंबर पाठ असला तर?

काल असाच एक आला. माणिकबाईने विचारलं, “पोरी, तू कुठं आहेस?” पलीकडून कोणी बोललं नाही. पण कोणी फोन ठेवलाही नाही, असं ती सांगते. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

वहिनीला सांभाळ. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी साधना आत्या