अक्षदाच्या हळदीचा साउंड

९ नोव्हेंबर, रविवार
निर्णय झाला. पुतणीच्या हळदीला म्युझिक मीच वाजवणार. घरचं लग्न, घरचा डीजे. उत्तमदादाला फोन करून सांगितलं, सूरज डीजेची सुपारी कॅन्सल कर. दादा म्हणाला, अरे रतन, भोपर गावातल्या मांडवात चारशे माणूस येणार, अक्षदा माझी एकुलती एक पोर, तुला नक्की जमेल ना? मी म्हटलं, डोळे झाकून सोड माझ्यावर.
आठ महिने घरी कंट्रोलरवर, म्हणजे गाणी मिसळायच्या डीजेच्या पेटीवर, सराव चालू आहे. अनुभव कमी नाही.

११ नोव्हेंबर
कंट्रोलर होताच. दोन मोठे स्पीकर वागळे इस्टेटमधल्या आमच्याच कंपनीने मोडीत काढले, ते मी उचलले. राहिला होता पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. आज तोही घरी आला. अठरा किलो. रिक्षावाल्याने विचारलं आत काय आहे, मी म्हटलं, पॉवर. तो म्हणाला, इन्व्हर्टर असेल तर आडवा नका ठेवू, अ‍ॅसिड सांडतं.
सोबत चाळीस पानी पुस्तिका आहे. वाचणार नाही. बावीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला वायरी शिकवू नयेत.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
जोडलं. कंट्रोलरमधून अ‍ॅम्पमध्ये, अ‍ॅम्पमधून स्पीकरमध्ये. लोक उगाच बाऊ करतात.

सकाळी ७.१०
आधी अ‍ॅम्प चालू केला, मग कंट्रोलर. धाडकन आवाज. कपाटावरचे डबे खाली. सोसायटीच्या सेक्रेटरी मंजुळाताई धावत वर आल्या. सिलेंडर फुटला का, असं विचारत होत्या. म्हणजे आवाजात दम आहे. पण जाताना बजावून गेल्या की यापुढे या बिल्डिंगमध्ये तो डबा वाजला तर नोटीस काढीन.
यापुढे सराव हेडफोनवर. मोठे डीजे कानाला हेडफोन लावूनच उभे असतात. ही अडचण नाही, शिस्त आहे.

१९ नोव्हेंबर
सूरज डीजेचा फोन. सुपारी गेली तरी गोड बोलला. म्हणाला, दादा, टेन्शन नाय घ्यायचं, फक्त अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू करायचा नि सगळ्यात आधी बंद. स्पीकरच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाय, नाहीतर अ‍ॅम्प गपगार बसतो. नाहीतर असं करा, मीच येतो चेक करायला, फुकटमध्ये.
जळतोय बिचारा. गरज नाही म्हणून सांगितलं. हळदीच्या जेवणाचं आमंत्रण मात्र दिलं.

२३ नोव्हेंबर
तीन तास सराव. अप्रतिम. स्वतःच्याच मिक्सवर मी नाचलो. विनिता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, घरात चिटपाखराचा आवाज नसताना तुम्ही असे उड्या मारता ना, तेव्हा मला भीती वाटते.
बायकोला कलेतलं कळत नाही. माहेरीही कोणाला कळत नाही.
दादाचा फोन. हळद लावताना केशरबाई गाणार आहेत. केशरबाई म्हणजे आमच्या लग्नांत गाणारी धवलारीण, दादाच्या हळदीलाही तीच होती. आता सत्तरी ओलांडली. मी दिलदारपणे म्हटलं, देऊ दहा मिनिटं. त्याहून जास्त गायली तर पब्लिक थंड पडेल.

२८ नोव्हेंबर
उद्या हळद. संकल्प: एक, चार वाजता मांडवात हजर. दोन, दीड तास साउंड चेक. तीन, डोकं शांत.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०
टेम्पो शिळफाट्याला दोन तास अडकला. साउंड चेक रद्द. तशी गरजही नव्हती. वायरी दातांनी सोलल्या, पटापट जोडल्या. अ‍ॅम्पवर लाल दिवा लागला. लाल म्हणजे चालू. आमच्या गीझरचाही लालच आहे.

७.२५
स्टेजवर उभ्या उभ्या लिहितोय. सुरू केलं! हेडफोनमध्ये असा बेस आहे की दाढा हलतायत. पब्लिक अजून लाजतंय. सगळे नुसते माझ्याकडे टक लावून बघतायत. हात वर, म्हणून ओरडलो. एका आजोबांनी केला.

७.५०
जमलं! अक्षदाला पाटावर बसवलं आणि बायका माझ्या गाण्यावर गायला लागल्या. चारशे लोकांचे ओठ हलतायत, टाळ्या पडतायत. टाळ्या बीटच्या जरा मागे आहेत, म्हणून मी स्पीड कमी केला. डीजेने पब्लिकला सांभाळून घ्यायचं असतं. केशरबाई सगळ्यात पुढे, तिलाही गाणं तोंडपाठ! दादा तर रडतोय. इतका परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.
विनिता स्टेजवर येतेय. फर्माईश असणार.

३० नोव्हेंबर, पहाटे ५
झोप नाही.
विनिताने माझे हेडफोन काढले. माझं काहीच वाजत नव्हतं. पंचवीस मिनिटं मी माझ्याच हेडफोनवर एकटा नाचत होतो. मांडवात आवाज होता तो केशरबाईचा आणि तिच्यामागून गाणाऱ्या बायकांचा. हळद लावायची वेळ झाली आणि दादा कोपऱ्यात डोकं धरून बसला, तेव्हा ती उठली म्हणे. त्याला म्हणाली, तुज्या भावाचा डबा मुका हाय तं हाऊंदे, पोरीची हलद मुकी नाय जावाची. आणि माइकशिवाय गायला लागली.
सूरज जेवायला आलाच होता. त्याने अ‍ॅम्पच्या मागे वाकून बघितलं. तांब्याची एक तार, केसाएवढी, दुसरीला चिकटलेली. लाल दिवा म्हणजे अ‍ॅम्प गपगार, दोन मिनिटांत चालू करतो म्हणाला. दादाने हातानेच नको म्हटलं. गाऊ दे तिला, म्हणाला.
साडेनऊपर्यंत गायली. मी पंगतीत वाढायला लागलो. आमटी.
एक नमूद करतो, मिक्सिंगमध्ये एकही चूक नव्हती.

२ डिसेंबर
लग्न पार पडलं. अक्षदाने सासरहून हळदीच्या फोटोंचं स्टेटस ठेवलंय. खाली लिहिलंय, डीजे नव्हता म्हणून सगळी गाणी ऐकू आली.
टोमणा नाही. पोर तशी सरळ आहे, आणि म्हणूनच जास्त लागलं. नुसता बदाम पाठवला.
लगेच तिचा मेसेज आला. काका, बाबांनी सांगितलं मला. केशरआजीचं गाणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तुम्ही एवढा आणलेला साउंड मुद्दाम बंद ठेवलात. थँक यू. मी खूप रडले.
दादाने मला एका शब्दानेही बोल लावला नव्हता. वर पोरीशी माझ्यासाठी खोटं बोलला. खरं काय ते दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं.
शेवटी लिहिलं, हो गं बाळा, तुझ्यासाठी एवढं तर करणारच.
पाठवल्यावर फार लाज वाटली. मग अ‍ॅम्प्लिफायर पलंगाखाली ढकलायला गेलो आणि कमरेत उसण भरली.