मागच्या चाकाचं तेल

२७ ऑक्टोबर, सोमवार

संस्कृतीच्या उजव्या हाताला प्लास्टर. मनगटाच्या वर, दोन्ही हाडं. सहा आठवडे. नात नऊ वर्षांची, आजोबा अडुसष्टचे. दोघांत शहाणं कोण, हे बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

काल मोहनराव तिला मोटारसायकलवरून सुप्याला हरणं दाखवायला घेऊन गेले. (नवऱ्याचं नाव वहीत सरळ लिहिते. तोंडाने घेत नाही, एवढा मान पुरे.) मी नको म्हटलं होतं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, साठ वर्षांपूर्वीची गाडी. एसटीने जा म्हटलं. "एसटीतनं हरणं दिसत्यात व्हय?" – हे उत्तर. पोरगी हसली. संपलं.

परतताना उतारावर मेंढरं आडवी आली. गाडी रस्ता सोडून कडेच्या पाण्याच्या चारीत गेली. पोरगी बांधावर पडली. हेल्मेट होतं, ते मी घातलेलं. मोहनरावांना गुडघ्याला खरचटलं. मेंढरं सुखरूप.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

युवराज आणि वैष्णवी पुण्याहून आले आणि पोरीला घेऊन गेले. दिवाळीची सुट्टी अजून आठवडाभर बाकी होती. सून बॅग भरत राहिली. मुलगा बोलला – "आई, यापुढं तिला इथं एकटी ठेवायची नाही. तू कामात असतेस, आणि आबांच्या भरवशावर नाही." आबा तिथेच खुर्चीवर बसलेले. मान खाली.

गाडी निघाली तेव्हा संस्कृतीने डावा हात हलवला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

घर शांत. मी मोहनरावांशी बोलले नाही. तेही नाहीत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज सकाळी गोठ्याच्या जागेतली मोटारसायकल मी स्वतः बघितली. मागच्या चाकाला चिखल आणि गवत.

नोंद करून ठेवते. ही जर्मन गाडी. सासरे सावळाराम फौजेत ड्रायव्हर होते, त्यांनी लिलावात घेतली. हिला साखळी नाही. इंजिनाकडून मागे एक दांडा येतो. चाकापाशी एक बंद डबा, त्यात दोन गिअर, तेलात बुडालेले. तेल दीडशे मिली. इंजिनाचं वेगळं, हे वेगळं.

डब्याच्या खालचा बोल्ट मी पान्याने काढला, खाली चहाची बशी धरली. पडले किती? तीन थेंब! काळे.

मोहनरावांना बशी दाखवली. म्हणाले, "भरलं हुतं मी. पंधरवडा झाला."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? भरलं हुतं."

कपाटात तेलाची बाटली, सील न फोडलेली. म्हणे दोन आणल्या होत्या, एक संपली. रिकामी कुठे? भंगारवाल्याला दिली. बरं.

दीडशे मिली तेल पंधरा दिवसांत हवेत उडत नाही. जुनं तेल काढलं, नवं घालायचं विसरले. कोरड्या डब्यात गिअर तापले, मागचं चाक जाम झालं, गाडी फेकली गेली. हे समजायला मला मेकॅनिक लागत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

तरी मेकॅनिक आला. बारामतीचा अविराज, टेम्पो घेऊन. याच्या वडिलांपासून गाडी त्यांच्याकडे. मोहनरावही टेम्पोत बसून गेले. गुडघा वाकत नाही, पण गॅरेजला जायचं म्हटल्यावर वाकला.

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी परत आली. मोहनराव आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "तू म्हणतीस तसंच झालं आसंल. ऱ्हायलं भरायचं. विसारलो मी."

परवापर्यंत "भरलं हुतं", आज "विसरलो". मी विचारलं, अविराजने काय सांगितलं? "त्येच." ब्रेक साफ करून, चाक बसवून गाडी तशीच आणली. तेल भरलं नाही. "आता कोण फिरवतंय?"

मला आनंद व्हायला हवा होता. बेचाळीस वर्षांत हा माणूस स्वतःहून चुकलो म्हणाला ती ही दुसरी वेळ. पहिली वेळ लिहीत नाही.

आनंद झाला नाही. राग आला. पोरीचं हाड मोडल्यावर कबुली देऊन उपयोग काय?

४ नोव्हेंबर, मंगळवार

युवराजला फोन केला. स्पीकरवर ठेवला, म्हणजे मी पदरचं सांगते असं कोणी म्हणायला नको. मोहनरावांना सांगितलं, बोला. ते बोलले – "विसारलो रं बाबा." शाळेतल्या मुलासारखे.

युवराज म्हणाला, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, आणि गाडी काढून टाका. मी म्हटलं, दोन्ही करते.

गाडीची किल्ली घेतली. मागावी लागली नाही, त्यांनीच खिशातून काढून टेबलावर ठेवली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बारामती. डॉक्टरीण बाई तरुण, नीट बोलणाऱ्या. यांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते सगळं बरोबर. सुरुवातीला तीन शब्द सांगून ठेवले होते – बैल, दिवा, लिंबू. शेवटी विचारले. मोहनराव म्हणाले, "बैल... दिवा..." आणि माझ्याकडे बघितलं.

मी लिंबू म्हणणार नव्हते.

बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी परत या. युवराजला मी तीनातले दोन, एवढंच कळवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

धाकटे दीर दादासो चहाला आले होते. त्यांच्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

"काय आबा, आज घराची वाट घावली म्हणायची!"

"मी घरातच हाय, दादासो."

"तेच म्हणतो. आता हितंच बसा. न्हाईतर वैनी गळ्यात पाटी अडकवत्याल – सापडल्यास भवानीनगरला पोचवा."

मोहनराव हसले. मोठ्याने हसले, कपातला चहा सांडेपर्यंत. कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं उसाच्या नोंदी घेत हा माणूस इंदापूर तालुक्यातले सगळे बांध फिरला. कोणाच्या रानात किती नवी लागण, कितवा खोडवा, वही न उघडता सांगायचा. मी दादासोंना काही बोलू शकले असते. बोलले नाही. म्हटलं, भोगा.

हल्ली दार लावलं की परत जाऊन बघतात. गॅसपाशी दोनदा. मी बघते आहे हे कळलं की भांडं शोधत असल्यासारखं करतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी संस्कृतीचा फोन. वैष्णवीच्या फोनवरून, आई आंघोळीला गेलेली असताना. पोरगी भराभर बोलली.

"आज्जी, तू आबांना रागावू नको. ते ब्रेक दाबत होते."

"बरं."

"खरंच दाबत होते! मी बघितला ना पाय. जोरात. पण गाडी थांबतच नव्हती. घसरगुंडीसारखी. मग आबांनी मुद्दाम चारीत घातली. नाहीतर मेंढ्यांच्या बाईच्या अंगावर गेली असती."

बाई होती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. अभ्यास कर म्हटलं आणि फोन ठेवला.

भाजी निवडायला बसले, आणि हात थांबले. चाक जाम झालं तर गाडी थांबते. ही थांबत नव्हती.

माझं कारण चुकलं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोहनराव कारखान्यावर मतदार यादी बघायला गेले. मी गोठ्यात गेले. सील फोडून बाटली उघडली, मोजपात्राने दीडशे मिली मोजून घातलं. गाडी मधल्या स्टॅंडवर, मागचं चाक अधांतरी. किल्ली माझ्याकडेच. किकला चार प्रयत्न. गिअर टाकून चाक फिरत ठेवलं, वीस मिनिटं. शेजारची अनिता कुंपणावरून बघत होती. "काकी, तुमी चालला का काय कुठं?" मी म्हटलं, हो, लग्नाला.

वीस मिनिटांत ब्रेकच्या डब्याच्या खालच्या कडेला थेंब. मग दुसरा. मग धार म्हणावी अशी.

म्हणजे तेल भरलं होतं. भरलेलं तेल ब्रेकमध्ये उतरलं होतं. तेलकट ब्रेक काय धरणार! पुढचा तर या गाडीला नावापुरता.

अविराजला फोन केला. "गिअरच्या डब्याचं रबरी सील गळतंय, तुला दिसलं नाही?"

तो म्हणाला – "मॅडम, त्या गिअरच्या डब्यावर हवेचं बारीक भोक असतंय बघा. डबा तापला की आतली हवा तिथनं भाईर पडती. ती कोंडली तर तेलाला ढकलती, सील फोडून. भोक मोकळं हाय का तेवढं बघा."

"तू बघितलंस की नाही?"

"बाकीचं काकांना इचारा, मॅडम." ठेवलाच.

भोक बघितलं. डब्याच्या माथ्यावर एक खळगी, तिच्यात असायला हवं. दिसलं नाही. तिथे तांबडी-काळी खपली होती. गोधडीची सुई घेतली, टोकरलं. सुई आत गेली आणि फुस्स करून गरम हवा हातावर आली.

खपली बोटावर चोळली. कुंकू. आणि मेण.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायचं म्हणून लिहिते.

खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक गिअरबॉक्सला गंध लावायची पद्धत. जिथे जोर तिथे गंध. तीच मी घरी आणली – हँडलला एक, इंजिनाला एक, मागच्या डब्याला एक. नुसतं कुंकू लोखंडावर टिकत नाही, धुतलं की जातं. सासूबाई द्वारकाबाई आधी कपाळाला मेण लावायच्या, त्यावर कुंकू. दिवसभर हलायचं नाही. त्या गेल्यावर त्यांची मेणाची डबी माझ्याकडे आली. अकरा वर्षं मी मेणावर कुंकू लावते आहे. मला त्याचा अभिमान होता. वर्षभर टिकणारं गंध! आणि मागच्या डब्यावर बोट टेकायला खळगी आयतीच.

मेण साधारण त्रेसष्ट अंशाला वितळतं. डबा त्याच्यावर तापतो. पातळ होऊन भोकात उतरायचं, गार झालं की बसायचं. कुंकू, धूळ, पुन्हा पुढच्या वर्षीचं मेण. रोजच्या गावातल्या गावात फिरण्याने काही झालं नाही. शंभर किलोमीटरला झालं.

बी.एस्सी. रसायनशास्त्र. प्रथम श्रेणी.

मोहनराव दर रविवारी गाडी पुसतात. नळी न् नळी. गंध तेवढं कधी पुसलं नाही. सणाचं असतं म्हणून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं नाही.

दुपारी मनात आलं – सांगून काय होणार? त्यांनी कबूल केलं आहे. गाडी जाणारच आहे. मुलाने ऐकलं आहे, डॉक्टरांनी लिहिलं आहे. आता मी उठून म्हणायचं, की माझ्या कुंकवाने पोरीचा हात मोडला?

इतरांची चूक मी चोवीस तासांत सांगते. नेहमी सांगत आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं नाही. आज रविवार, आणि ते गाडी पुसायला गेले नाहीत. खिडकीपाशी बसून होते. वाढताना मला विचारलं, "आपलं जेवण झालंय का व्हायचंय?" मी ताट ठेवलं तशी म्हणाले, "मस्करी केली." मस्करी होती का, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असं वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. सकाळी, चहाच्या आधी. मेण, कुंकू, भोक, सगळं एका दमात.

मोहनराव म्हणाले, "ठाव हाय मला. अविराजनं चाक खोललं तवाच दावलं."

मग विसरलो का म्हणालात?

"माझ्यामुळं पोरीचा हात मोडला, एवढं मला झेपतंय. तुला न्हाई झेपायचं."

युवराजला फोन लावला. तो उचलेपर्यंत मोहनराव दोनदा "ठेव" म्हणाले. ठेवला नाही.