रेघांचं नाणं धाकट्याला

मी, जुन्या नाण्यांचा व्यापारी, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांचं विचारू नका.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. यात जावयाने तोंड घालू नये.

२. भिंगं आणि तराजू शेजारच्या घड्याळजींना. नाणी घासून चकचकीत करणाऱ्या कोणाच्या हाती ती गेली, तर मी भूत होऊन मानगुटीवर बसेन.

३. रेघांचं तांब्याचं नाणं धाकट्या भावाला. कारण सांगणं भाग आहे. बावीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानात त्याने विकायला आणलेल्या या नाण्यावर मला काळपट-तांबूस रेघा दिसल्या. चार गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो, "जुनं दिसावं म्हणून ॲसिड लावलंस ना?"

"दादा, आईशप्पथ, काही लावलं नाही."

"मग रेघा काय आभाळातून पडल्या?"

तो चपला घालून निघून गेला. बाजारात त्याच्या हातचं नाणं पुन्हा कोणी घेतलं नाही. शेवटी गोदामावर पहारेकरी झाला.

तीन वर्षांनी त्याच टाकसाळीची पाच नाणी माझ्याकडे आली. सगळ्यांवर तशाच रेघा. लाकडावर असतात तशा, दोन्ही बाजूंना एकाच दिशेने, अक्षरांवरून आणि खोबणीतूनही गेलेल्या. ॲसिड असं शिस्तीत वाहत नाही. तांब्यातली मिसळ नीट वितळली नव्हती, पत्रा लाटताना ती लांबली आणि पुढे तिच्यावर वेगळा रंग चढला. दोष धातूचाच. मला पाहताक्षणी कळलं. मी पाचही नाणी विकत घेऊन कपाटात कोंडली, कोणाला दिसू नयेत म्हणून. लिहिताना लाज वाटते.

४. माझ्या मृत्यूनंतर कलम तीन भर बाजारात मोठ्याने वाचावं.

इथवर लिहिलं, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "काका, मेल्यावर कशाला? आत्ता फोन लावा ना." लावला. भावजयीने उचलला.

"भाऊजी, ते गेल्या महिन्यात गेले."

"मला कळवलं का नाहीस?"

"नको म्हणाले. म्हणाले, दादा आला तर आधी ॲसिडच्या डागांसाठी माझी बोटं तपासेल."

५. सबब ते नाणं आता भावजयीला. तिने भिरकावून दिलं तरी कोणी तिला बोलू नये. कलम चार रद्द. सोमवारी बाजारात मीच वाचीन. मला उभं राहायला कोणीतरी धरावं. ज्याने ऐकायला हवं होतं, तो नसेल.

लिहून देणार: थोरला भाऊ (सही)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ जून, शुक्रवार