नवसाचा गूळ आणि फटफटीचं पेट्रोल

सुपे, माघ वद्य पंचमी

तीर्थरूप रामचंद्रदादाच्या पायांवर रुक्माचं डोकं टेकून नमस्कार. (टेकतं अजून. मला आता वाकता येत नाही असं तुला कुणी कळवलंय ते मला ठाऊक आहे, आणि हे पत्र त्याच माणसाबद्दल आहे.) तुझी कंबर कशी आहे? निरगुडीचा पाला शेकायला सांगितला होता तो शेकलास, की वैद्याच्या काळ्या गोळ्याच गिळत बसलायस? केशरवहिनीचा खोकला थांबला का? नसेल तर तिला म्हणावं, लग्नघरात आजारी पडायची सवड नसते, लग्न झाल्यावर हवं तेवढं खोक. इकडे सगळे खुशाल. म्हैस व्याली, रेडी झाली, दूध भरपूर आहे, पण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. माझी शाळा तिसरीत अर्ध्यावर सुटली, तेव्हा अक्षर ओळीवरून घसरलं तर तूच सावरून वाच. वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव, पण दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचू नकोस.

शकूच्या हळदीला मी नाही आले तर तिला हळद कोण लावणार? आत्या काय तिला दहा आहेत? मी एकटी. बारशाला नाव मी ठेवलं, हळदीचा पहिला हात पण माझाच, यात कुणी मधे आलं तर मी खपवून घेणार नाही. अडचण आहे ती म्हशीची. शेजारची गुणा माझं लुगडं नेसून बसली तर म्हैस एक-दोन वेळा फसते, पुढं तिला वास येतो आणि लाथ बसते. बैलगाडीनं लोंढ्याला जायचं, तिथं रेल्वेची वाट बघत डासांना रक्त पाजायचं, मग खानापूर, आणि येताना हेच सगळं उलट. तोवर म्हैस आटून जाईल आणि गुणाचे दात पडतील. फटफटीवर मात्र सकाळची धार काढून निघालं की दिवे लागायला तुझ्या दारात. म्हणून मी यांना म्हटलं, मला फटफटीवर न्या. तर हे काय म्हणाले ठाऊक आहे? "तुला घेऊन पेट्रोल पुरत न्हाई. तू गाडीनं जा, मी मागनं येतो." माझ्याच भाचीच्या हळदीला हे फटफटीवर, आणि मी लोंढ्याच्या फलाटावर ट्रंकेवर बसून!

फटफटी तू पाहिलेली नाहीस. जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत जाताना ती यांच्या गळ्यात घालून गेला. तिच्या बाजूला तिसरं चाक लावून एक पेटी जोडलीय, तिला हे साईडकार म्हणतात, मी डोली म्हणते. बरोबर डोळ्यांना बांधायचा चष्मा दिला आणि लढाईतला एक लोकरी कोट दिला, म्हशीला घातला तरी ढगळ होईल असा. तिला लागणारं पेट्रोल बेळगावाहून लोंढ्यापर्यंत रेल्वेनं येतं, आणि लोंढ्याहून सुप्याला येसाजीच्या बैलगाडीतून. म्हणजे बैलांनी ओढून आणलेलं पिऊन ही बाई बैलांना मागं टाकते. (येसाजी हे प्रत्येक डबा उतरवताना बोलून दाखवतो. मी त्याला चहा देते.)

आता हे चालवतात कसं ते ऐक. निघायच्या आधी आमच्या दुकानासमोर ती सुरू करून ठेवायची आणि आत जाऊन पान लावायचं, चुना शोधायचा, टोपी बदलायची. तोवर ती जागच्या जागी फटफटतेय आणि अर्धं सुपे बघायला जमतंय. हँडलला पेट्रोल सोडायची बोटाएवढी दांडी आहे, ती ढकलायची तर पार शेवटापर्यंत. मग समोर कुणाची तरी गाय येते, करकचून ब्रेक. गाय गेली, पुन्हा दांडी शेवटापर्यंत. पुढं बैलगाडी दिसली की चढ असो नाही तर चिखल असो, मागं टाकायचीच. उतारावर ती आपसूक घरंगळेल, पण तिथंही आवाज कमी करायचा नाही, लोकांना वाटेल बंद पडली. आणि वाटेत ज्या घरातनं धूर निघताना दिसेल तिथं थांबून "काय म्हणतोस झिलू, भात किती झालं?" (झिलू म्हणजे आमच्याकडनं मीठ-मिरची नेणारा कुणबी. बिचाऱ्याला त्या आवाजात यातलं काही ऐकू येत नाही, तो नुसता हात जोडतो.) थांबलं तरी ती बंद करायची नाही, कारण पुन्हा सुरू करायला लाथा माराव्या लागतात आणि लोकांसमोर ती कधी कधी ऐकत नाही. एवढं सगळं करून पेट्रोल संपलं की हे चष्मा कपाळावर चढवून वळून डोलीकडं, म्हणजे माझ्याकडं बघतात. नुसते बघतात. मागच्या महिन्यात एकटेच जगलबेटला गेले आणि वाटेत तसेच अडकले, तेव्हा मी घरी पापड लाटत होते. तर आल्यावर म्हणाले, डोली मोकळी होती, तिच्यात वारं भरलं. आता सांग. मी बसले तर वजन, नाही बसले तर वारं. येसाजीचे बैल दर बाजारी मला ओढतात, त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही.

पण देव आहे. गेल्या श्रावणात यांना हिवताप भरला होता ते तुला आठवतंय. अंथरुणात माणूस कुठला आणि गोधडी कुठली ते कळत नव्हतं. तेव्हा मी उळवीच्या चन्नबसवण्णाला बोलले होते, हे उठून बसले तर यांच्या भारंभार, वजनाला वजन गूळ वाहीन. उठून बसले. नुसते बसले नाहीत, तर डिंकाचे लाडू, तूपभात, म्हशीची साय, सगळ्याला पुरून उरले. आता जत्रा आली तेव्हा नवस फेडायचा ठरला. गूळ आपल्याच दुकानातला न्यायचा, जत्रेत कशाला महागाचा घ्या, हे यांचं डोकं. दुखण्यातल्या वजनाच्या अंदाजानं मी ढेपी काढल्या, त्या डोलीत रचल्या, पेट्रोलचा जादाचा डबा जागा होईना म्हणून यांनी घरीच काढून ठेवला, हत्यारं डोलीच्या तळाशी असतात ती मी उचलून जागा मिळाली तिथं ठेवली, आणि ढेपींवर घोंगडं टाकून मी बसले. पालखीतल्या देवासारखी उंच. वाटेत फांद्या चुकवता चुकवता माझी मान रहाटासारखी फिरत होती.

जोयडा मागं पडलं आणि चढ लागला तशी फटफटी कण्हायला लागली. हे म्हणाले, "बघ, तुझ्यामुळं!" आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडले (ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही), "अहो, मी एकदाच बसलेय! तुम्ही दोनदा बसलाय! एकदा वर बसलाय ते, आणि एकदा माझ्याखाली गूळ होऊन!" यांनी रागानं दांडी आणखी पुढं ढकलली. कुंभारवाड्याच्या अलीकडं दोन फुसके आवाज आले आणि आम्ही तिघं थांबलो, मी, हे, आणि यांचा गूळ.

मागनं कोण यावं? येसाजी. बैलांच्या गळ्यात घुंगरं, शिंगांना गोंडे, गाडीत अख्खं कुटुंब, भाकरीची बोचकी. यांनी सकाळी त्याला धुरळा देऊन मागं टाकलं होतं. तो उतरला, फटफटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "शेट, ह्याला वैरण काय घालायची?" मी हसले नाही. (पदर तोंडात होता.) त्यानं दावं काढून फटफटी गाडीच्या मागं बांधली आणि उळवीपर्यंत आम्ही बैलांमागं गेलो. हे हँडल धरून, चष्मा लावून, ताठ बसले होते, वाटेतले लोक नमस्कार करत होते आणि हे नमस्कार घेत होते. त्या चालीत झिलूसारख्या माणसांशी बोलता पण आलं, आणि पेट्रोल एक थेंब लागलं नाही.

रात्र उळवीत काढली. सकाळी देवळापुढं तीन लाकडांचा तिकटा उभा करून मोठा तराजू टांगलेला. तिथले पुजारी अय्यास्वामी तोलायला उभे. सकाळची थंडी होती, मी म्हटलं कोट काढू नका, श्रावणात ताप येऊन गेलाय, छातीत गारठा भरेल. हे कोटासकट पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात मी ढेपी ठेवायला लागले. आणलेल्या सगळ्या संपल्या, यांचं पारडं आपलं भुईवरच. अय्या म्हणाले, "इन्नू बेकू," अजून पाहिजे. शेजारच्या पालातनं दोन ढेपी आणल्या. इन्नू बेकू. आणखी आणल्या, जत्रेतल्याच, महागातल्याच. लोक गोळा झाले. येसाजीची बायको म्हणाली, "अगंबाई, शेट दिसत्यात बारीक पण भरल्यात की!" शेवटी पारडं उचललं तेव्हा दासोहाच्या, म्हणजे देवळातल्या फुकट जेवणाच्या, कोठीवाल्यानं यांच्याकडं इतक्या मायेनं पाहिलं की मला वाटलं दर वर्षी आजारी पडा म्हणतो की काय.

उतरल्यावर यांना राहवेना. सगळ्यांसमोर म्हणाले, मी भरलोय खरा, पण ही माझ्यापेक्षा भरेल, पेट्रोल हिच्यामुळंच जातं. येसाजी म्हणाला, मग बसा की समोरासमोर, तराजू टांगलाय तो कशाला? नवऱ्याच्या समोरच्या पारड्यात बसायचं म्हणजे लाज वाटायची गोष्ट, पण मला शकूची हळद दिसत होती. मी अट घातली. तुम्ही खाली गेलात तर खानापूरला डोलीत मी. हे म्हणाले, "कबूल." देवाच्या दारात, शंभर माणसांत. मी लुगडं सावरून बसले. आणि दादा, मी वर! पाय सुटले जमिनीचे. लहानपणी तू मला झोपाळ्यावर ढकलायचास, तसं झालं. यांचं तोंड असं झालं होतं की मला क्षणभर दया आली. क्षणभरच.

येताना लाकडाच्या ठेकेदाराची मोटार तिथं आली होती, तिच्या डायवरनं अर्धी कळशी पेट्रोल दिलं. जाताना टाकीत याहून कितीतरी जास्त होतं. मी डोलीत बसले, हातात वेळूची काठी घेतली आणि सांगितलं, आता मी म्हणेन तसं. गुडघ्यावर टिचकी बसली की दांडी मागं घ्यायची. उतारावर पेट्रोल बंद, घरंगळू दे. गाय दिसली की लांबूनच सोडून द्यायचं, ब्रेकवर पाय नाही. धूर दिसला तरी थांबायचं नाही, झिलूचं भात पुढल्या बाजारी विचारा. हे म्हणाले, मी काय घोडा वाटलो तुला? मी म्हटलं, घोड्याला एवढं सांगावं लागत नाही. दिवस मावळायला आम्ही सुप्यात, आणि टाकी हलवली तर आत खळखळतंय अजून. हे म्हणतात गूळ उतरला म्हणून आलो. मी म्हणते गूळ म्हणजे कोण होतं ते आठवा. थोडं गुळाचं असेल, मी नाही म्हणत नाही, पण बाकीचं सगळं त्या दांडीचं आणि त्या पान लावण्याचं आहे.

तर दादा, हळदीच्या संध्याकाळी आम्ही फटफटीवर येतोय. आवाज वेशीवरनंच ऐकू येईल (तेवढा एका ठिकाणी मी करू देणार आहे). शकूला सांग, आत्या आल्याशिवाय कुणालाही हळदीच्या वाटीत बोट बुडवू देऊ नकोस. थोरांना नमस्कार, लहानांच्या गालाला माझ्यातर्फे चिमटा, आणि तुझ्या कंबरेला शेक.

तुझी बहीण
रुक्मा

ता. क. पत्र लिहायला घेतलं ते खरं दुसऱ्याच कामासाठी. तुझ्या दुकानात पोती तोलायचा मोठा तराजू ओसरीत टांगलेला असतो, तो आम्ही यायच्या आधी काढून कुठं तरी माळ्यावर टाक. कुणी विचारलं तर दांडी मोडली म्हण.

ता. क. का म्हणशील. काल यांनी लोकरी कोट उन्हात टाकायला घेतला तर खुंटीसकट खाली आला. खिशांत फटफटीची सगळी हत्यारं निघाली, चार पाने, हवा भरायचा पंप, हातोडी आणि जादाची साखळी. जागा मिळाली तिथं ठेवली होती असं मी तुला वर लिहिलंच आहे, लपवलं काही नाही. देवाला गूळ जास्तच गेला, तेव्हा देवाची तक्रार नसणार. पण हे आता म्हणतायत, रामचंद्राच्या तराजूवर नुसतं धोतर नेसून पुन्हा बसतो, आणि हरलीस तर परत जाताना तू रेल्वेनं. म्हैस माझी वाट बघत असेल रे.

ता. क. तराजू हलवणं जमत नसेल तर वहिनीला सांग, हे दारात उतरले की पाय धुवायच्या आधी पुरणपोळ्या वाढ, वर तूप, वर दूध, नको म्हटले तरी वाढ. मला मात्र पंगतीत वाढू नका. मी चुलीपाशी बसून खाईन.