तीनदा पुकारा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा आवाज फाटला. पहिल्याच पुकाऱ्याला. नाव अर्धं बाहेर आलं, अर्धं घशातच राहिलं. खोकल्याचं निमित्त केलं, घोटभर पाणी प्यायलो, पुन्हा ओरडलो. पक्षकार बापडा धावत आला म्हणून निभावलं.

नवा शिपाई दारातच होता. म्हणतो, "काका, मी पुकारू का?" म्हटलं, "तू फायली उचल." त्याचा काही दोष नाही. पण हल्ली तो डोळ्यांसमोर नको वाटतो.

शहरातून आलेला एक वकील मात्र हसला. म्हणे, एवढं बोंबलता कशाला, लोक आत का नाही बसत? कुठे बसतील रे बाबा? व्हरांड्यात दोन बाकं, त्यातल्या एकाचा पाय मोडलेला. आमच्याकडचा माणूस सकाळच्या गाडीने येतो आणि सरळ समोर चहाच्या टपरीत जाऊन बसतो, नाहीतर न्हाव्याकडे, नाहीतर कुंपणाच्या भिंतीला टेकून सावलीत. माझा आवाज आला की उठायचं. बापाने मुलाला हेच शिकवलेलं असतं — भोंगा वाजला की ऊठ. भोंगा म्हणजे मी. कचेरीत सोडून गावात मला दुसरं नाव नाही.

या गावात माणसं राहत नाहीत, तारखा राहतात. कोर्ट, जमिनीची कचेरी, तुरुंगाची बराक — एवढं काढून घ्या, मागे धूळ उरेल. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा आडवं झोपतं, कारण त्याला उठवायला कुणी येत नाही. आणि या असल्या गावात मी माझा आवाज घालवून बसणार!

४ नोव्हेंबर, मंगळवार

गरम पाण्याच्या गुळण्या. उपयोग शून्य.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकून शहरात जाऊन आलो. हिला सांगितलं कचेरीचं काम आहे. खोटं बोलताना आवाज घोगराच होता, त्यामुळे पकडलं गेलं नाही — तेवढाच फायदा.

घशाचा डॉक्टर तरुण आहे. नळी घालून बघितलं. बघता बघता बोलायचा थांबला. नंतर म्हणाला, "किती दिवस झाले हे?" म्हटलं, पावसाळ्यापासून असेल. "इतके दिवस काय करत होतात?" काय करत होतो? ओरडत होतो. दुसरं काय येतं मला.

तुकडा काढून तपासायला पाठवलाय. पुढच्या शुक्रवारी या म्हणाला, आणि बरोबर घरचं कुणीतरी आणा. हे शेवटचं वाक्य ऐकून जे समजायचं ते समजलो. बोलणं कमी ठेवा म्हणाला. सोमवारी तारखांचा ढीग आहे.

परतीच्या गाडीत शेजारी बसलेल्याने ओळखलं. "तुम्ही कोर्टातले भोंगा ना? वाजवा की एकदा!" मी नुसता हसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहायला बसवत नाही. पण लिहिल्याशिवाय गिळवतही नाही.

सकाळपासून घशात काटा. नव्याला सांगायला हवं होतं, बाबा रे, आज तू पुकार. नाही सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. हल्ली मी एक युक्ती करत होतो — दारातून न ओरडता पायऱ्या उतरून फाटकापाशी जायचं आणि तिथून ओरडायचं. कमी आवाजात भागतं. आज फाटकाकडे निघालो तर नवा टक लावून बघतोय. त्याला कळेल म्हणून परत फिरलो. दारातूनच पुकारलं.

शिवणकाम करणाऱ्या बाईची केस होती. मुलगी कुणाकडे राहणार याची. आठ-नऊ वर्षांची पोर. नवरा-बायको वेगळे होऊन बरेच दिवस झालेत, पोर कधी इकडे, कधी तिकडे. ही बाई प्रत्येक तारखेला येते, भिंतीच्या सावलीत बसते, मांडीवर काहीतरी टाचत असते. पुकारा झाला की पहिल्या हाकेला उठते. कधी दुसरी हाक घ्यावी लागली नाही.

आज तीनही घेतल्या. हाका कसल्या! पहिली जेमतेम फाटकापर्यंत गेली असेल. दुसरी फाटली. तिसरी तर माझी मलाच ऐकू आली नाही. व्हरांड्यातल्या वकिलाने विचारलं, "आत्ता कुणाचं पुकारलंत?" दहा पावलांवरचा माणूस हे विचारतो!

तेव्हा तरी फाटकाशी जायचं. नाही गेलो. आत जाऊन सांगितलं, "तीनदा पुकारलं साहेब. गैरहजर." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नीट पुकारलंत ना?" "हो साहेब."

तिचा वकील दुसऱ्या गावच्या कोर्टात अडकलेला. बाप हजर, बापाचा वकील हजर. मुलगी बापाकडे. पाच मिनिटांत संपलं.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तर ती भिंतीलगतच बसलेली. शिवण मांडीवर. माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, शब्द फुटेना. तिने सुई कापडात टोचून ठेवली, पिशवी उचलली आणि गाडीच्या थांब्याकडे चालू लागली. काही विचारलं नाही. माझ्या तोंडावरच वाचलं असणार सगळं.

टपरीवाला म्हणाला, "अरे, आज तुझा आवाज आलाच नाही. मला वाटलं, सुट्टी मारलीस."

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुकारले. सगळे फाटकापाशी जाऊन. आता काय उपयोग. बैल गेला आणि झोपा केला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

न्हाव्याच्या दुकानात तोच विषय. दाढी करून घेणारा म्हणत होता, बाई इथेच बसलेली आणि आत गैरहजर! मग सगळे आरशातून माझ्याकडे बघायला लागले. एकाने बाजू घेतली — "भोंग्याची चूक नाही, ट्रकचा आवाज असेल." मी मान डोलावली. त्या वेळी ट्रक नव्हता.

लहान गावाचं हे असं. सगळ्यांना सगळं माहीत, आणि तोंडावर कुणी बोलत नाही. माझा आवाज बसलाय हे गावाला केव्हापासून माहीत होतं म्हणे! टपरीवाल्यानेच सांगितलं. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." झाकली मूठ म्हणून मी जपत होतो, आणि मूठ सगळ्या गावाने उघडून बघून परत मिटून ठेवलेली.

घरी आलो तर ही म्हणाली, "जेवत का नाही?" भूक नाही म्हटलं. रात्रभर त्या पोरीचा विचार. आईने यायचंच टाळलं असं त्या पोरीला सांगितलं असेल तिकडे. मी तिला कधी बघितलेलंही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला घेऊन गेलो. सांगावंच लागलं.

कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं — इथे भोक, इथून श्वास. मी विचारलं, आवाज? तो म्हणाला, जीव वाचेल असं बघू. म्हणजे नाही. पंचवीस तारीख दिलीय, मंगळवार.

ही गाडीत एकदाच बोलली. "मला आधी सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" मग खिडकीतून बाहेर बघत रडत राहिली. मी तिचा हात धरला, तर काढून घेतला. थोड्या वेळाने तिनेच परत धरला.

भीती वाटते. मरायची नाही एवढी. त्यानंतरच्या सकाळची. ही हाक मारणार आणि मी "ओ" देणार नाही. नळावर शेजारणीला सांगताना ही म्हणेल, "आमचे ते बोलत नाहीत आता." जन्मभर दुसऱ्यांची नावं ओरडत काढली. बायकोला तिच्या नावाने मोठ्याने हाक मारल्याचं आठवत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकच गोष्ट डोक्यात. बोलायचं असेल तर पंचवीस तारखेच्या आत बोलावं लागेल. नंतर कागदावर लिहून देता येईल, पण कागदाचं कोर्टात काय होतं ते मी बघितलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगून टाकलं.

कामकाज सुरू व्हायच्या आधी साहेबांच्या खोलीत गेलो. उभ्या उभ्या बोललो, कारण बसलो असतो तर धीर गेला असता. म्हटलं, त्या दिवशी मी तीनदा पुकारलं ते खरं, पण ते कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी तुम्हाला नीट पुकारलं म्हणून सांगितलं. बाई भिंतीपाशीच होती. घशाचं, ऑपरेशनचंही सांगितलं.

साहेबांनी पेन ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हाला याचा अर्थ कळतोय ना? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची." कळतोय म्हटलं. "आजारपणाचं मला आधी का नाही सांगितलंत?"

दुपारपर्यंत दोन हुकूम निघाले. मी चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. आणि तिची केस परत सुनावणीला घेतली, पुढच्या महिन्यात तारीख. मुलीलाही हजर ठेवायचं.

निघताना नवा पुकारा करत होता. चांगला खणखणीत आवाज आहे पोराचा. फाटकापाशी थांबून ऐकलं. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी हातानेच खूण केली — थोडं वर, नाव संपताना ओढ. त्याने तसं केलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ही माझ्याशी बोलत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बोलली. बोलली म्हणजे काय, फुटली. "मोठे हरिश्चंद्र लागून गेलात! आठ दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? नोकरीवर असताना ऑपरेशन झालं असतं, कचेरीने बघितलं असतं. आता कुणाच्या तोंडाकडे बघू मी?" सगळं खरं आहे. तिच्या भावाकडे शब्द टाकायला जाणार आहे उद्या. आयुष्यात पहिल्यांदा माहेरी मागायला चाललीय, माझ्यामुळे.

म्हटलं, "एका आईची पोर गेली होती माझ्यापायी." ही म्हणाली, "आणि मी कोण?" मग उठून आत गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ चालू होता. आगीतून उठलो आणि फुफाट्यात पडलो. फरक एवढाच, की या वेळी हिलाही सोबत ओढलं.

पण खोटं कशाला लिहू — सोमवारपासून झोप लागते. छातीवरचं काहीतरी उतरलंय. सगळं गेलं, पण एक पोर आईकडे परत जाईल. माझ्या शेवटच्या बोलण्याने एवढं तरी झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ही भावाकडून आली. जमवतो म्हणालाय. कसं जमवतो म्हणाला ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

उद्या त्या बाईच्या गावी जाणार. कोर्टाचा कागद तिला पोचेल तेव्हा पोचेल. मला तोंडाने सांगायचंय. माफीही मागायचीय. हिला सांगितलं तर म्हणाली, "जा. एवढं केलंत, तेवढं बाकी कशाला ठेवता?" डबा भरून देते म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भेटली. मशीनवर बसली होती, मला बघून पाय थांबला. सगळं सांगितलं — आवाज नव्हता, मी खोटं बोललो, केस परत लागलीय, पोर परत मिळेल. माफ कर म्हटलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, मला ऐकू आलं होतं. तिन्ही वेळा."

पोरीला बापाकडेच बरं वाटतं, म्हणाली. इकडे आली की चार-चार दिवस बोलत नाही, दारात बसून राहते. "मला पोर नको असं माझ्या तोंडाने कसं म्हणू? तुमचा आवाज बसलाय हे सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, ऐकूच आलं नाही असं सांगता येईल तिला. मोठी झाल्यावर तरी आईने सोडली असं नको वाटायला."

तिने धागा तोडला. "आता सगळ्यांसमोर विचारतील ना मला? ती असेल का तिथे?"

हो म्हणालो. मुलांना आतच बसवतात, सगळं ऐकू येतं.