सेन्सर माझ्यासमोर चांगला वागतो

१९ ऑक्टोबर २००९, सोमवार
वृषाली दिवाळीला चाकणहून आली. पोरगी कंपनीत लागल्यापासून हात मोकळा झालाय. खोक्यातून इंडक्शन शेगडी काढली. म्हणाली, आईला सिलिंडरसाठी रांगेत उभं राहायला नको. मंगल शेगडीकडे बघत म्हणाली, ह्याच्यावर भाकर फुगंल का? बायकोचं पहिलंच वाक्य विरोधी. लक्षात ठेवलं आहे.
संकल्प: मशीनची देखभाल मी स्वतः करणार. नारायणगावात तीस वर्षं जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरतोय. एवढीशी शेगडी म्हणजे काय!

२० ऑक्टोबर, सकाळी ६.१०
आंघोळीचं पाणी ठेवलं. ठेवण्याआधी पातेल्याच्या बुडाला राख-मातीचा ओला हात दिला. आई चुलीवर भांडं चढवताना नेहमी द्यायची, बूड काळं होत नाही. मंगलने गॅस आल्यापासून हे सोडलं. आळस.
चार मिनिटांत टीं टीं. E3. मशीन बंद. गार पाण्याने आंघोळ.

६.४०
त्याच मशीनवर मंगलने चहा केला. एक टीं नाही.

२१ ऑक्टोबर
पुन्हा तेच. मी ठेवलं की E3, तिने ठेवलं की गप चालतं. पुस्तिका काढली. इंग्रजीत आहे, पण मशीनवाल्याचं भाषेवाचून अडत नाही. E3 म्हणजे टेम्परेचर सेन्सर.
प्रश्न असा, की सेन्सर खराब असेल तर दोघांनाही खराब हवा.
कुठेतरी पाणी मुरतंय.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार
दुकान अर्धा दिवस बंद ठेवून शेगडी उघडली. काचेखाली मधोमध सेन्सर. ज्वारीच्या दाण्याएवढा. मीटर लावला. मुठीत धरला की रीडिंग उतरतं, सोडला की चढतं. एकदम तंदुरुस्त. दहा वेळा बघितलं. दहाही वेळा माझ्यासमोर चांगला वागला.
मशीन परत बसवलं. पाणी ठेवलं. E3.
मग लोडशेडिंग. शेजारच्या चिमाबाई डोकावून गेल्या. भाऊ, मोटार जळली का, म्हणे. नाही म्हणालो. यांना कोणी सांगितलं?

२५ ऑक्टोबर, रविवार
महत्त्वाचा शोध. पाणी ठेवून मी टॉवेल आणायला जातो. परत येतो तेव्हा E3 झालेलं असतं आणि मंगल ओल्या फडक्याने काच पुसत असते. विचारलं, का पुसतेस? म्हणाली, चिखल झालाय, मग काय करू? एवढ्याशा काचेला रोज रोज पुसायचं कारण काय? पुरावा.
तिला हे यंत्र घरात नको आहे. भाकरीच्या प्रश्नापासून सगळं जुळतं.

२७ ऑक्टोबर
शेगडीच्या चारही स्क्रूंवर वृषालीच्या राहिलेल्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. कोणी उघडलं तर ठिपका तुटणार. दुकानात वॉरंटीच्या मोटारींना मी असंच करतो. मंगलला काही बोललो नाही. चेहरा साधा ठेवला.

२८ ऑक्टोबर, सकाळी
E3. ठिपके शाबूत.
म्हणजे तिने उघडून, काम करून, पुन्हा त्याच नेलपॉलिशने ठिपके दिले. बाई हुशार आहे, हे लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. बाटली जप्त करून दुकानात ठेवली.

१ नोव्हेंबर, रविवार
काल तुळशीचं लग्न. आळीतल्या बायका अंगणात. सोनीबाईंनी सहज विचारलं, नवी शेगडी कशी चालती? मी खरं काय ते सांगितलं. मंगल मुद्दाम बिघडवते, माझ्याकडे मुद्दे आहेत. मुद्दे सांगितले. सहा होते, चारच सांगितले.
मंगलने हातातल्या अक्षता तुळशीवर टाकल्या आणि आत गेली.
आज सकाळी पिशवी भरली. म्हणाली, सत्तावीस वर्षं तुमच्या मोटारीच्या वासात भाकरी थापल्या, कंदी काय मोडलं न्हाई. आता मी मढला चालले, भावाकडं. लई झालं.
मी म्हणालो, जा. तपासाला सोपं जाईल.

२ नोव्हेंबर
घर रिकामं. आता संशयित कोणीच नाही. पाणी ठेवलं.
E3.
म्हणजे जाताना कायमचं काहीतरी करून गेली.

३ नोव्हेंबर
दुपारी दुकानात डबा नव्हता. पाव खाल्ला. घर खायला उठतं म्हणतात ते खरं आहे. तिची आठवण येते असं नाही. येते. पण तपासाशी त्याचा संबंध नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार
शेगडी गोरखकडे नेली. स्टँडजवळ त्याचं टीव्ही-मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याने तिच्यावर स्वतःच्या भांड्यात चहा केला, मला पाजला आणि म्हणाला, भाऊ, हिला काय न्हाई झालं.
मला हे पटलेलं नाही. चहा करताना त्याने दोनदा माझ्याकडे पाठ केली होती. गोरखचं आजोळ मढकडचं आहे.

५ नोव्हेंबर
घरी आणली. E3. गोरखला फोन करून स्पष्ट सांगितलं, तू आणि मंगल सामील आहात. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, संध्याकाळी राजुरीला तुमच्या घरी येतो, तुमी माझ्यासमोर पाणी ठेवा.

५ नोव्हेंबर, रात्री ८
गोरख आला. मी नेहमीप्रमाणे राखेत पाणी घातलं, माती कालवली, पातेल्याच्या बुडाला हात दिला. गोरखने माझा हात धरला. म्हणाला, भाऊ, ह्ये काय लावताय?
मी सांगितलं. बूड काळं होऊ नये म्हणून.
तो म्हणाला, पर राव, हितं जाळ कुठाय?
मग त्याने समजावलं. काचेखालच्या सेन्सरला भांड्याची ऊब लागायला हवी. मध्ये मातीचा थर आला की ऊब खाली पोचत नाही. तीन-चार मिनिटं काही कळलं नाही तर मशीन धरून चालतं की सेन्सर मेला, आणि बंद होतं. मंगलकाकू नुसतं पातेलं ठेवत असतील, म्हणून त्यांचं चालतं.
पातेलं धुऊन ठेवलं. पाच मिनिटं. सात. पाणी उकळलं.
हे मी साधारण ओळखलंच होतं. फक्त दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची होती.
गोरख गेल्यावर ओल्या फडक्याने काच पुसली. आळीतल्या बायकांसमोर बोललो ते बरोबर नव्हतं.

६ नोव्हेंबर
संकल्प: रविवारी मढला जाणार. सरळ म्हणणार, माझं चुकलं. दोनच शब्द. अवघड काय आहे त्यात?

८ नोव्हेंबर, रविवार
आळेफाट्यावरून जीप. ओतूरपर्यंत मनात सराव केला. पुढे हळू आवाजात केला. शेजारचे पाहुणे म्हणाले, काय चुकलं, उतरायचं राह्यलं का?
मढला भाताची कापणी चाललेली. मंगल बांधावर विळा घेऊन. तिचा भाऊ सावळेराम, आई कुशाबाई, वावरातली दहा-बारा माणसं. सगळी बघायला लागली. सराव केलेले दोन शब्द वाट चुकले. मी म्हणालो, सेन्सरचा दोष नव्हता.
मंगल म्हणाली, मंग कोनाचा व्हता?
मी म्हणालो, राखेचा.
विळे थांबले. मंगल म्हणाली, मंग राखंलाच नांदवा. आणि पुन्हा वाकून कापायला लागली.
निघताना सासूबाईंनी पायलीभर नवे तांदूळ दिले. म्हणाल्या, जावयाला रिकाम्या हातानं कसं धाडावं. याचा अर्थ तिकडचं वातावरण निवळलंय. दोन-तीन दिवसांत येईल. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

१० नोव्हेंबर
आज संध्याकाळी फाट्यावर सहज थांबलो होतो. मढकडच्या सात जीपा आल्या. शेगडी उत्तम चालते. एका माणसाचा भात पटकन होतो. उरतो.

११ नोव्हेंबर, बुधवार
सावळेरामला फोन. म्हणाला, ती तर कालच गेली, तुमाला म्हाईत न्हाई का? मी म्हणालो, माहीत आहे. माहीत नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली. कुणाचा संशय घ्यावा तेही सुचेना.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७.३०
वृषालीचा फोन. आई तिच्याकडे चाकणला आहे. सुखरूप. वृषालीने दिवाळीत स्वतःलाही तसलीच शेगडी घेतली होती, आई सगळा स्वयंपाक तिच्यावरच करते, फार आवडलीय म्हणे. भाकरीसुद्धा. लोखंडी तव्यावर फडक्याने कडा दाबल्या की टम्म फुगते.
मागे मंगलचा आवाज येत होता. हसत होती. आमच्या घरात ती अशी कधी हसली, आठवून बघितलं.
मी म्हणालो, फोन तिला दे. वृषालीने तिकडे काहीतरी विचारलं. हसणं थांबलं. मी म्हणालो, बरं, नुसतं विचार, कधी येतेस?
फोन कट झाला.
परत लावला. चार वेळा लावला. रिंग शेवटपर्यंत वाजते, कोणी उचलत नाही. मोबाइलवर रेंजच्या पाचही काड्या आहेत.
टॉवरमध्ये फॉल्ट असणार. उद्या जाऊन चौकशी करतो.