करपा नव्हता

४ मार्च
दादा हो म्हणाला! काचघराची डावी बाजू माझी, उजवी त्याची. "तुझ्या काकड्या भुरीतून वाचल्या तर विष बंद. नाही वाचल्या तर पुन्हा शब्द काढायचा नाही." वहिनीला सातवा महिना, आणि फवारणीचा पंप अजून तिच्याच पाठीवर. मी तसं बोलले तेव्हा त्याने पितळी तांब्या भिरकावला. माझ्यावर त्याचा नेम चुकतो. वहिनीवर चुकत नाही.

९ मार्च
खेकड्याच्या कवचाची भुकटी विरघळवून फवारली. भुरी ही बुरशीच, तिच्या अंगातही तोच पदार्थ असतो. वेलाला वाटतं शत्रू आला — आणि तो आधीच कंबर कसतो. फसवणूकच, पण त्याच्या भल्याची!
दादा हसून लोटपोट. "वेलांना आता नांग्या फुटणार!" मलाही हसू आलं. मेल्याचं तोंड मात्र चांगलं चालतं.

१८ मार्च
भुरी आली. दोन्हीकडे पानांवर पीठ सांडल्यासारखं.

२१ मार्च
माझ्या बाजूचं पांढरं हटलं! त्या जागी मोहरीएवढे तपकिरी ठिपके. वहिनीला नेऊन दाखवले. म्हटलं, बुरशी शिरते तेवढी जागा वेल स्वतःच मारून टाकतो. भुरीला जिवंत पान लागतं, मेलेल्यावर ती उपाशी मरते. बाकीचं पान वाचतं.
"तेवढीच जागा?"
"तेवढीच."
ती पान हातात धरून उभी राहिली. मनगट सुजलेलं होतं. मी विचारलं नाही. विचारून काय होतं?

२२ मार्च
सगळं गेलं. दादाने ठिपके पाहिले. "करपा रोग आणलास माझ्या काचघरात!" करपा नव्हता — घसा फुटेस्तोवर ओरडले. तो कोयता घेऊन सुटला. वेल, दोऱ्या, कोवळ्या काकड्या, सपासप! मी त्याच्या दंडाला लोंबकळले, कडकडून चावले. त्याने कोयत्याची मूठ माझ्या जबड्यावर हाणली. एक दात गेला. वहिनी मध्ये पडली, तर तिला ढकलून दिलं. रोपांच्या टेबलाची कड तिच्या पोटात बसली.

२३ मार्च
बाळ हलतंय, वहिनी म्हणते. दादाच्या हाताला मी चावले तिथे पट्टी बांधायला त्याने तिलाच बसवलं.

२७ मार्च
त्याची बाजू पांढरीफटक. पानं वाळून गळताहेत. खांबाआड माझा एक वेल कोयत्यातून सुटला होता — हिरवागार, ठिपक्यांसकट! दादाला ओढत नेऊन दाखवला. तो बघत राहिला. त्याला कळलं होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं मला.
मग त्याने तो मुळासकट उपटला आणि माझ्या तोंडावर फटकारला.
"उद्या दुप्पट विष. पंप तुझ्या वहिनीच्याच पाठीवर."
मला त्याचा इतका राग आला की रडूही येईना.

२८ मार्च
विष कालवायची खोली काचघराला लागून आहे. लोखंडी दार, खिडकी नाही. दादा आत कालवत होता. वहिनी पंप घ्यायला गेली, पंप न घेताच बाहेर आली आणि कडी घातली. आत विषाचे डबे कलंडले.
"तेवढीच जागा, ताई," म्हणाली, आणि नळावर हात धुवायला गेली.
दार वाजतंय. बसल्या जागेवरून कडीला माझा हात पोचतो. मी लिहिते आहे.